हाताची गोळी

निवृत्तीनंतर माणसाला शांतता मिळते असं सांगणारे लोक सरकारी दवाखान्यात गोळ्या वाटत नसावेत. मी वरसेला राहते, रोह्याला अगदी लागून. सकाळी दूध आणायला खाली उतरले की कोणी ना कोणी गोळ्यांचं पाकीट पुढे करतंच. "मॅडम, ही जेवणाआधी की नंतर?" "मॅडम, मागच्या खेपेला गुलाबी होती, आता पांढरी कशी?" एका हातात दुधाची पिशवी, चष्मा घरी. मग पाकीट लांब धरून वाचायचं आणि उत्तर द्यायचं. या अंकाच्या संपादकबाईंनी नोकरीवर लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. गोळ्या या विषयावर बोलून बोलून मी खरंच दमले आहे. पण एका घराची गोष्ट मनातून जात नाही, तेवढी सांगून टाकते.

आमचं पद 'औषधनिर्माण अधिकारी'. नाव भारदस्त आहे. आयुष्यात मी एकही औषध निर्माण केलं नाही. आधी रोह्याकडे आणि मग पेणच्या बाजूला, हमरापूरजवळच्या एका आरोग्य केंद्रात, मी खिडकीत बसले आणि गोळ्या दिल्या. सर्दीतापाच्या गोळ्या देण्यात काही डोकं लागत नाही. डोकं जातं ते कायमच्या आजारांत. प्रेशर, शुगर, दमा. या माणसांना दुखत काही नसतं, निदान रोज तरी नसतं, आणि गोळी मात्र रोज खायची असते, मरेपर्यंत. न दुखणाऱ्या माणसाला रोज गोळी खायला लावणं हा आमचा धंदा.

हे काम एकट्याचं नाही. डॉक्टर तपासून ठरवणार, सिस्टर प्रेशर मोजणार, मी गोळ्या देऊन समजावणार, आणि गावात आशाताई घरोघर फिरून गोळी खरंच पोटात जाते की नाही ते बघणार. चौघांनी एकमेकांना सांगत राहायचं. सांगायला सगळे तयार असतात, पण बाहेर रांग लागलेली असते आणि रांगेतली म्हातारी ओरडत असते की एसटी चुकेल.

रोह्याला असताना एक हमीदचाचा यायचे. मुलगा कुवेतला. चाचांचं प्रेशर एकाएकी इतकं खाली आलं की मशिदीच्या पायरीवर ते चक्कर येऊन पडले. चौकशी केली तर चाचा आमची गोळी खात होतेच, शिवाय मुलाने तिकडून पाठवलेलीही खात होते. औषध एकच, पाकीट फक्त परदेशी. मी रागावले तर म्हणाले, "बाई, सरकारने दिलेली कशी फेकायची? और बेटे की भेजी हुई कैसे फेंकूँ? दोघांचा मान ठेवायला नको का?" तेव्हाच लक्षात यायला हवं होतं की लोक गोळीकडे औषध म्हणून बघत नाहीत, नात्यातली वस्तू म्हणून बघतात.

कातकरी वाडीवरची माणसं वीटभट्टीवर निघाली की महिनोन्‌महिने घाटावर. आम्हाला गोळी द्यायची परवानगी महिन्याची. भट्टीवरून कोण गोळीसाठी कोकणात उतरणार आहे? मी जास्तीच्या द्यायचे आणि वरच्या साहेबांची बोलणी खायचे. तेही आता अंगवळणी पडलं होतं.

या सगळ्यावर मी माझ्यापुरता एक नियम केला होता. रिकामी पाकिटं आणल्याशिवाय नव्या गोळ्या नाहीत. तोंडी कोणीही सांगतं, "खाल्ल्या, खाल्ल्या." पाकीट खोटं बोलत नाही असं माझं म्हणणं. शिवाय पाकीट कापून द्यायचं असेल तर मी त्याचे कोपरे कातरीने गोल करून द्यायची. पत्र्याचे टोकदार कोपरे बोटाला लागतात आणि पदराच्या गाठीला भोकं पाडतात म्हणून. सिस्टर हसायची. म्हणायची, "तुमच्या गोळ्या लांबून ओळखू येतात." मला त्याचा जरा अभिमानच होता.

या नियमातली माझी सगळ्यात आवडती पेशंट म्हणजे वत्सलाकाकी.

काकी शेजारच्या गावातली. तिकडे घरोघर गणपतीचे कारखाने. कारखाना म्हणजे लांबलचक शेड. एका टोकाला साच्यातून मूर्ती निघतात, मग वाळवण, मग पॉलिश पेपरने घासकाम, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. घासकाम कोणीही करतं. आखणी करणाऱ्या गावात मोजक्याच. पापणीची रेघ एका दमात ओढायची असते. हात जरा हलला की मूर्ती रागावलेली दिसते, नाहीतर झोपलेली. म्हणून आखणीवालीचा पाट वेगळा, उजेडाच्या बाजूला, आणि तिला कोणी हाक मारायची नाही. काकी त्या पाटावर तरुणपणापासून बसलेली. तिच्या हातचे डोळे दादर-गिरगावची गिऱ्हाईकं मागून घ्यायची म्हणे.

काकीला प्रेशर निघालं तेव्हा तिला जी गोळी सुरू झाली ती जुन्या जातीची होती. हल्ली पहिली म्हणून ती कोणी देत नाही, तेव्हा सर्रास मिळायची. ती हृदयाचे ठोके हळू करते आणि प्रेशर उतरवते. काकी दर महिन्याला यायची, पदराची गाठ सोडायची आणि रिकामी पाकिटं माझ्यापुढे मांडायची. एकही गोळी शिल्लक नाही.

"सगळ्या?" मी विचारायची.

"व्हय गो म्याडम. एक पन वाया घालवली नाय."

मी रांगेतल्या बाकीच्यांना काकीचं उदाहरण द्यायची. बघा जरा, या वयात कशी शिस्त आहे.

आणि तरी एका वर्षी काकीचं प्रेशर वर जायला लागलं. सिस्टरने दोन्ही हातांवर मोजलं. मीठ विचारलं, सुकट विचारली, लोणचं विचारलं. डॉक्टर आमचे लातूरकडचे, तरुण, मनापासून काम करणारे. ते म्हणाले, "गोळ्या नीट चालू आहेत ना?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "सर, यांच्याबद्दल विचारूच नका." पाकिटं दाखवली. मग गोळ्या चालू असून प्रेशर चढतंय म्हटल्यावर डॉक्टरांनी डोस वाढवला. कोणीही वाढवला असता.

त्याच सुमाराला काकीने आखणीचा पाट सोडला. डोळ्याला दिसत नाही म्हणाली. आम्ही तिला मोतीबिंदूच्या शिबिराला पाठवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, या वयाच्या मानाने नजर छान आहे. मी काकीला ते सांगितलं तर ती नुसती हसली. पाटावर आता तिची सून बसायला लागली होती, रंजना. मुलगा रोह्याला कंपनीत शिफ्टला, त्यामुळे घर या दोघींचंच. आखणी काकीनेच तिला शिकवलेली. सासूने सुनेसाठी जागा रिकामी केली याचं गावाला फार कौतुक वाटलं. मलाही वाटलं.

रंजनाही माझ्याच खिडकीवर यायची, पण दुसऱ्या दिवशी. तिला दमा. शेडमध्ये घासकामाची पांढरी पूड सतत उडत असते, त्यात कॉम्प्रेसरने मारलेला रंग. डॉक्टरांनी तिला पंप लिहून दिला होता. तिने तो घ्यायचं साफ नाकारलं. "पंप लागला की संपलं, सगळी म्हनतात. आनि शेठनी बगितला तर घरी बसवील." कारखान्याच्या मालकाचं, शेठचंही एक होतं. मागे कामावरच्या एका बाईला पंप ओढताना बघून तो म्हणाला होता, तू घरीच बरी. तेव्हा रंजना दम्याच्या गोळ्यांवर अडून बसली. डॉक्टरांना त्या गोळ्या आवडत नव्हत्या, पण काहीच न घेण्यापेक्षा त्या बऱ्या म्हणून देत होते. त्या गोळ्यांनी छाती धडधडते आणि हात थरथरतो. मी तिला सांगितलंही होतं, "हात जरा कापेल, घाबरू नकोस." कापणारा हात म्हणजे तिच्यासाठी काय, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. खिडकीतून फक्त तळवा दिसतो, माणसाचं काम दिसत नाही.

आषाढ संपत आला होता. त्या दिवसांत शेडमध्ये श्वास घ्यायलाही कोणाला फुरसत नसते. भर दुपारी एक टेम्पो आमच्या दारात थांबला. मूर्ती न्यायचा टेम्पो, आत गवत पसरलेलं. त्यातून चौघींनी रंजनाला उतरवलं. तिला बोलता येत नव्हतं. खांदे वर-खाली होत होते, ओठ काळेनिळे. मागून काकी अनवाणी. आमची आशाताई सुनंदा टेम्पोबरोबरच धावत आली होती. तिच्याही घरी मूर्तिकाम, तेव्हा तिच्या हाताला सोनेरी रंग तसाच होता.

डॉक्टरांनी वाफ लावली, प्राणवायू लावला, सलाईन लावलं. धाप उतरायला हवी तशी उतरेना. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, "आणखी काय खाल्लंय हिने? बाहेरचं काही?" रंजना मान हलवत होती, नाही, नाही. ॲम्ब्युलन्सला फोन झाला होता. मी दारात उभी होते. माझ्या शेजारी उभी असलेली काकी हळूच म्हणाली, "हाताची गोली खाल्ली तिनं."

"कसली गोळी?"

"हाताची. हात थांबवायची."

तिने पदराची गाठ सोडून पाकिटाचा तुकडा माझ्या हातात ठेवला. मला त्यावरचं नाव वाचायची गरज पडली नाही. कोपरे गोल होते.

दमेकऱ्याला ही प्रेशरची गोळी देत नाहीत. तिने श्वासनळ्या आवळतात, आणि वाफेतल्या औषधाला ती आडवी येते. हे आम्ही शिकताना पहिल्याच वर्षी पाठ करतो. मी आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच दुसरं इंजेक्शन मागितलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत रंजनाचे ओठ जरा उजळले होते. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात गेली, आणि वाचली. ते आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा.

मग सगळं काकीच्या तोंडून बाहेर आलं. ती बाकावर बसून बोलत होती, सुनंदा तिच्या पायाशी, आणि मी खिडकी बंद करून आलेली. रांगेला उद्या या म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांत तसं पहिल्यांदाच केलं.

म्हातारपणाने काकीचा हात कापायला लागला होता. पाट सुटणार अशी वेळ आली, तेवढ्यात प्रेशरची गोळी सुरू झाली आणि चार दिवसांत हात थांबला. डॉक्टरकीच्या पुस्तकात हे आहे, ही गोळी थरथर कमी करते. आम्ही कोणी तिला ते सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच ताडलं. ती तिला प्रेशरची गोळी म्हणेचना, हाताची गोळी म्हणायची. मग रंजनाही तिच्याजवळ बसून आखणी करू लागली आणि दम्याच्या गोळीने तिचा हात कापू लागला. शेठने आखलेले डोळे दोनदा पुसायला लावले. घरी येऊन पोर रडली.

"म मी माजी गोली तिला दिली," काकी म्हणाली. "तिचा हात थांबला, धडधड पन थांबली. माजा कापला तर कापला. मी सांगितला, मना दिसत नाय, नि उठले पाटावरशी."

"आणि आम्ही डोस वाढवला तेव्हा?"

"तवा तिला एकीनं भागत नव्हता. दम जास्त लागत होता, म ती दम्याची जास्त खायची, म हात जास्त कापायचा. तुमी वाडवून दिली, मना वाटला, बरा झाला."

आता वाचणाऱ्यांनी जरा थांबून बघावं. दम्याच्या गोळीने हात कापतो. हातासाठी काकीची गोळी. त्या गोळीने दमा वाढतो. दम्यासाठी आणखी दम्याची गोळी. आणि तिकडे काकीचं प्रेशर चढतं म्हणून आम्ही तिची गोळी वाढवतो, ती रंजनाच्या पोटात जाते. दोघींची कार्डं वेगळी, दोघींचे वार वेगळे. दोन्ही गोळ्या माझ्याच हाताने त्या घरात गेल्या होत्या. आणि माझी पाकिटं, जी खोटं बोलत नाहीत, ती खरंच खोटं बोलली नव्हती. गोळ्या कोणी खाल्ल्या हे पाकिटावर लिहिलेलं नसतं.

मी सुनंदावर चिडले. "तू रोज त्या घरात जातेस. तुला कळलं नाही?"

सुनंदा रडवेली झाली. "मॅडम, हाताची गोळी हाताची गोळी असं ऐकलं होतं मी. मला वाटलं ताकदीची असेल. आमच्याकडे काय चांगलं आलं की वाटूनच खातात हो."

काकी तर माझ्याकडे अशी बघत होती की जणू तिने चांगलंच केलं होतं आणि ते वाईट कसं निघालं हे मी तिला समजावून सांगावं. मी समजावलं नाही. मला त्या दिवशी फार थकवा आला होता. सिस्टरने मधेच काकीच्या दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. गोळी पोटातच जात नाही म्हटल्यावर प्रेशर कुठल्या कुठे गेलं होतं. तिलाही त्याच संध्याकाळी दाखल करावं लागलं.

रंजना परत आली तेव्हा एकच विचारत होती, "माजा पाट?" जीव वाचल्याचं तिला काही नव्हतं. तेव्हा डॉक्टरांनी जे केलं ते मी विसरणार नाही. ते मला आणि सुनंदाला घेऊन सरळ शेडमध्ये गेले, खिशातून पंप काढला आणि सगळ्या बायांसमोर कसा ओढायचा ते स्वतः करून दाखवलं. या पंपाने सवय लागत नाही, हात कापत नाही असं सांगितलं. निदान गोळीइतका तरी नाही. शेठ तोंड वाकडं करून उभा होता.

"हिला दमा हाय तर पूड सोसल का?" तो म्हणाला.

"नाही सोसणार," डॉक्टर म्हणाले. "पाट घासकामापासून लांब हलवा. पडवीत ठेवा."

"म्हंजे आता पडवीत डोले काडनार?"

सुनंदा पटकन म्हणाली, "शेठ, नाहीतर तुम्ही काढा."

बाया हसल्या. शेठच्या मागे न आखलेल्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या, आणि माल उचलायला टेम्पोवाले आले होते. त्याने पाट पडवीत हलवला. त्याला दया आली होती असं मला वाटत नाही, पण काम झालं.

काकीला डॉक्टरांनी नवीन गोळी दिली. प्रेशरची चांगली, हाताला काही न करणारी. पण आधी इतके महिने जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्याच वर्षी गौरीच्या दिवशी तिची उजवी बाजू लुळी पडली. पाय नंतर पुष्कळ सुधारला. हात नाही सुधारला.

त्यानंतर आमच्या केंद्रात आम्ही एक पद्धत सुरू केली. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी यायचं आणि सगळ्यांच्या गोळ्यांच्या पिशव्या एका टेबलावर ओतायच्या. डॉक्टर, सिस्टर, मी आणि आशाताई, चौघं टेबलाभोवती. त्या ढिगातून काय काय निघालं म्हणून सांगू. सुनेच्या रक्तवाढीच्या गोळ्या सासरा खात होता, शुगरची गोळी शेजारणीला 'बारीक व्हायला' दिलेली होती. आणि मी "खाल्ल्या का?" हे विचारणं सोडून दिलं. "कोणी खाल्ल्या?" असं विचारू लागले. लोकांना आधी राग यायचा. माझ्या जागी आलेली मुलगी हे चालवते की नाही ठाऊक नाही. वेळ फार जातो त्यात, आणि रांग असतेच.

गणपती मी अजून तिथूनच आणते. रोह्याहून गाडीने पेणला उतरते, पुढे रिक्षा. यंदा गेले तेव्हा रंजना पडवीत होती. तिने पंप ओढला, नळावर जाऊन चूळ भरली, हात पुसला आणि पाटावर बसली. शेठ बघत होता आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. काकी बाजूला खुर्चीत, उजवा हात मांडीवर ठेवलेला. बोलणं थोडं जड झालंय, पण नजर तीच. रंजनाने रेघ ओढली की काकी म्हणायची, "डावा वर गेला गो," आणि रंजना खरंच पुसून पुन्हा काढायची.

मला बघितल्यावर काकीने डाव्या हाताने पदराची गाठ सोडायला घेतली. मी मदत करू लागले तर करू देईना. बराच वेळ लागला. आतून रिकामं पाकीट निघालं, ते तिने माझ्यापुढे धरलं.

"काकी, मी निवृत्त झाले आता."

"र्‍हवं दे. बघ तरी."

मी बघितलं. एकही शिल्लक नव्हती. कोपरे टोकदार होते, नव्या मुलीने कापलेले. आणि सवयीने माझ्या तोंडून गेलंच, "काकी, खरं सांगा. कोणी खाल्ल्या?"

काकीला राग आला नाही. तिने पाटाकडे पाहिलं. रंजनाचा ब्रश पापणीवर टेकला होता आणि हात हलत नव्हता.

"मीच खाल्ल्या," काकी म्हणाली. "ही गोली आता कोन मागतंय गो?"